नाटकातलं स्वगत बसवायचं कसं? (एकपात्री स्पर्धा, वेळ सात मिनिटं)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. चोपड्याला आमचा छोटा हौशी गट आहे. यंदा पोरांना एकपात्री स्पर्धेत उतरवायचं ठरतंय. सात मिनिटं, नेपथ्य नाही, फार तर एक खुर्ची. नवीन संहिता लिहिण्यापेक्षा जुन्या गाजलेल्या नाटकातलं स्वगत घ्यावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे आणि पसंती अर्थातच 'नटसम्राट'ला.
विचारायचं असं की नवख्याने कुठल्या नाटकाला हात घालावा? पाठांतर झाल्यावर नेमकं काय करायचं असतं? पोरांचं पाठ होतं आणि गाडी तिथेच थांबते. शिवाय आपल्याकडच्या 'ळ'चं काय करावं?
माझं मत विचाराल तर भावना पक्की धरली की बाकीचं आपोआप येतं. पटत नसेल तर खुशाल सांगा.

शेवटची_रांग
आपोआप काही येत नाही. आमच्या रांगेपर्यंत तर मुळीच नाही.

भरीतवाला
एकपात्री स्पर्धेत निम्मे स्पर्धक घरच मागत असतात. एकदा म्हाडाचा साहेब परीक्षक म्हणून बोलवा आणि सगळ्यांना फ्लॅट वाटून टाका. विषय संपेल.

विंगेतला
भरीतवाला, हसू आलं, पण मुद्दा खरा आहे. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं आणि डॉ. लागूंचा बेलवलकर लोकांच्या कानात बसला. २०१६ साली चित्रपट आला, तेव्हा त्याच्या पुढच्या पिढीच्या कानात नाना पाटेकर बसले. आता विशीतला मुलगा उभा राहिला की या दोघांपैकी एकाची नक्कल करतो किंवा दोघांची मिसळ. परीक्षकाला पहिल्या दोन वाक्यांत कळतं की हे ध्वनिमुद्रण ऐकून पाठ केलेलं आहे, कारण विराम मूळ नटाच्या जागी पडतात आणि श्वास मात्र याचा स्वतःचा असतो. दोन्ही जुळत नाहीत.
दुसरी चूक वयाची. म्हातारपण दाखवायला मुलं आवाज थरथरवतात. अहो, बेलवलकर हा आयुष्यभर रंगमंचावर बोललेला नट आहे. शरीर थकेल, पण वाक्य फेकायची सवय जाणार नाही. वय दाखवायचं तर ते हालचालीत दाखवा. वळताना आधी डोळे, मग मान, मग खांदे. उठताना हात आधी खुर्चीवर, वजन हातावर, मग पाय. वाक्य सुरू करण्याआधी श्वासाला एक क्षण जास्त द्या. आवाज स्वच्छच ठेवा.
म्हणून माझं उत्तर असं की पहिल्या वर्षी 'नटसम्राट' नको. जुने नाटककार गो. ब. देवल, त्यांच्यापासून सुरुवात करा. 'शारदा' (१८९९) किंवा 'झुंझारराव' (१८९०). त्यांची वाक्यं बोलण्याच्या वळणाची आहेत, जिभेला अडत नाहीत. गडकरी त्यानंतर.

खर्ज
विंगेतला यांच्याशी अर्धा सहमत. 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो'च, त्यामुळे तिथे मत्सराचा चढता आलेख सांभाळावा लागतो. भाषा सोपी असली तरी भूमिका सोपी नाही. उलट गडकऱ्यांचं एक भाषण नवख्यांना चांगलं असं माझं मत आहे. 'एकच प्याला'मधलं सुधाकर रामलालला दारूच्या तीन अवस्था समजावून सांगतो ते. त्याला सांगाडा आहे. पहिली, दुसरी, तिसरी. विसरलं तरी माणूस पुढच्या पायरीवर जाऊन पोचतो.
फक्त एक सांभाळा, ते युक्तिवादाचं भाषण आहे, झिंगण्याचं नाही. मुलं 'दारुड्या' म्हटलं की जीभ जड करतात आणि पाय वाकडे टाकतात. प्यायलेला माणूस उलट आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायचा आटापिटा करतो, जपून पावलं टाकतो, एकेक व्यंजन जपून उच्चारतो. ते करा.

पडद्यामागे
खर्ज यांच्या बोलण्यात पुढच्या कामाची किल्ली आहे, ती ठळक करते. सुधाकरसमोर रामलाल आहे, म्हणून ते स्वगत नाही, लांब संवाद आहे. तयारीला बसताना पहिला प्रश्न हाच विचारावा की मी कुणाशी बोलतोय? उत्तरं साधारण चार निघतात. समोर हजर असलेल्या माणसाशी, हजर नसलेल्या माणसाशी, देवाशी किंवा नशिबाशी, नाहीतर स्वतःशी. प्रत्येकात नजर वेगळी.
हजर माणूस असेल तर त्याची जागा आणि उंची ठरवून टाका. एकपात्रीत रामलाल नसतो, म्हणून त्याला डाव्या विंगेच्या थोडं अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूला कललेला असा उभा कल्पा. म्हणजे नटाचा चेहरा पाऊण भाग प्रेक्षकांना दिसतो. सरळ बाजूला पाहिलंत तर अर्धाच चेहरा मिळतो. आणि तो रामलाल मध्येच बुटका होऊ देऊ नका! नजर एकदा छातीवर, एकदा छतावर गेली की समोर कुणी नाही हे उघड होतं.
स्वतःशी बोलताना जमिनीकडे पाहायची सवय असते. पापण्या झाकल्या जातात, चेहरा बंद होतो. नजर शेवटच्या रांगेच्या जरा वर ठेवा. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांच्या डोळ्यांत तर अजिबात नको, त्यांनी पेन उचललं की पुढचं वाक्य गेलंच समजा.

तापीकाठ
हे फार उपयोगी आहे, ताई. पण मग भावना कुठे बसवायची?

खर्ज
भावनेआधी श्वास. जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मी पडझड इथेच होते.
संहिता जशीच्या तशी छापील पानावरून पाठ करू नका. रेघांच्या वहीत हाताने उतरवून काढा, एका ओळीत एका श्वासात बोलायचं तेवढंच. मग पेन्सिलने खुणा. एक उभी रेघ म्हणजे नुसता थांबा, श्वास नाही. दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास. शब्द आणि त्याचं शब्दयोगी अव्यय यांच्यामध्ये रेघ नको, आणि क्रियापद व 'नाही' यांच्यामध्ये तर मुळीच नको.
मराठीत सगळा निकाल वाक्याच्या शेवटी लागतो. नमुन्यादाखल बनवलेलं वाक्य घ्या: "या घराचा उंबरठा मी आजवर कुणाच्या धाकाने, कुणाच्या सांगण्यावरून ओलांडलेला नाही." नट 'धाकाने'वर जोर देतो, 'सांगण्यावरून'पर्यंत हवा संपते आणि 'नाही' घशात राहतं. शेवटच्या रांगेत काय पोचलं? ओलांडलेला आहे! अर्थ उलटा झाला. याला वाक्याची शेपटी गिळणं म्हणतात. उपाय असा की पहिले आठ दिवस फक्त शेवटचे दोन शब्द मोठ्याने म्हणायचे, बाकीचं वाक्य पुटपुटत. कानाला विचित्र लागतं, पण त्यामुळे शेपटीसाठी हवा राखून ठेवायची सवय लागते.
श्वासाचा व्यायाम: उताणं झोपा, पोटावर जाड पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. त्याच स्थितीत एका श्वासात बारा शब्द, जमले की सोळा, मग वीस. छाती पूर्ण रिकामी करायची नाही, पाव भाग शिल्लक असतानाच पुढचा श्वास घ्यायचा. पूर्ण रिकामी झाली की मानेच्या शिरा ताठतात, आवाज वरच्या पट्टीत चढतो आणि माणूस संतापलेला वाटू लागतो, प्रसंग दुःखाचा असला तरी.
गडकऱ्यांची वाक्यं लांब, सामासिक आणि अनुप्रासांनी भरलेली. तिथे आधी मुख्य क्रियापद शोधून खाली रेघ मारा. मग त्याचा कर्ता शोधा. मधलं सगळं एका पट्टीत, जरा जलद. कर्ता आणि क्रियापद ठळक. प्रत्येक अलंकारावर थांबलात तर प्रेक्षक शब्द ऐकत बसतात आणि सुधाकर राहतो बाजूला.

शेवटची_रांग
शेपटीबद्दल +१. लेखी अर्ज करायचा होता, तुम्ही आधीच लिहिलंत.

गिरणाथडी
आता 'ळ'कडे. अहिराणी आणि लेवा गणबोली दोन्हींत 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. घरी, शेतात, बाजारात काही बिघडत नाही. पण ऐतिहासिक नाटकात "काळ आला" या जागी "काय आला" गेलं की गंभीर प्रसंगात हशा पिकतो. "काळी"ची "कायी" होते, "काळा"चा तर थेट "काया" होतो, म्हणजे अर्थवाही दुसराच शब्द.
करायचं असं. 'ड' म्हणा आणि जीभ टाळूला लागते ती जागा लक्षात ठेवा. जिभेचं टोक मागे वळवून तिथेच टेकवा, बाजूंनी हवा सोडा आणि टोक झटकन पुढे आपटा. अळ, इळ, उळ. मग तळमळ, हळहळ, कळवळून, जळफळाट. मग तिन्ही शेजारी: काला, काळा, काया. रोज पाच मिनिटं पुरे, जास्त केलं तर जीभ दुखते आणि 'ळ'चा 'ड' व्हायला लागतो. महिनाभर आधीपासून करा. आदल्या दिवशी सुरू केलं तर नट 'ळ' सांभाळत बसतो आणि भूमिका सुटते.
'ण'चंही तेच, पानी, बान, परान. आणि शब्दाच्या सुरुवातीचा 'वि', विठ्ठलचा इठ्ठल होतो. या तिन्हींची संहितेतली ठिकाणं तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणावून ठेवा. मुद्दाम मोजून पाहा, एका पानावर 'ळ' किती वेळा येतो ते. धक्का बसेल.

भरीतवाला
यक नंबर सांगं भो!

सोनवर्खी
गिरणाथडी, तांत्रिक भाग मान्य. पण मुलांना बोलीची लाज वाटेल असं काही होऊ नये. उच्चारशुद्धीच्या नावाखाली जळगाव-धुळ्याची पोरं स्टेजवर पुण्याचा सूर काढतात, आणि तो सूर ळ-चुकीपेक्षा खोटा लागतो.

गिरणाथडी
सोनवर्खी, सूर आणि उच्चार वेगळे. वर्ण संहितेचे पाहिजेत, सूर घरचा चालतो. बोलीचा उपयोग तालमीत करून घ्या ना. प्रत्येक परिच्छेद आधी स्वतःच्या अहिराणीत सांगायचा, आईला सांगितल्यासारखा, पुस्तक बंद करून. जिथे सांगता येत नाही तिथला अर्थ कळलेला नाही असं समजायचं. लगेच त्यानंतर मूळ वाक्य म्हणायचं, मघाचा चढउतार तसाच ठेवून. पाठ केलेलं वाक्य बोलल्यासारखं होण्याचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.

पाठशाळा
चांगली चर्चा चालली आहे. यात नाट्यशास्त्राची भर घालतो. भरताने वाचिक अभिनयात पाठ्याचे सहा अलंकार सांगितले आहेत: उच्च (वरचा आवाज), दीप्त (त्याहून चढा), मंद्र (खालचा), नीच (त्याहूनही खालचा), द्रुत (जलद), विलंबित (संथ). आणि आवाजाची तीन स्थानं: उर, कंठ, शिर. ही नुसती परीक्षेची यादी नाही. लांबच्या हाकेला उच्च, भांडणाला दीप्त, खिन्नतेला मंद्र असा वापर तिथे सांगितलेला आहे. आपल्या स्वगताच्या वहीत समासात प्रत्येक परिच्छेदासमोर यातला एक शब्द लिहून पाहा. सलग चार परिच्छेदांसमोर 'दीप्त' आलं तर समजावं की आपण सात मिनिटं नुसते ओरडणार आहोत.
आत्मगत (म्हणजे स्वगत), जनांतिक आणि अपवारित (इतर पात्रांना ऐकू जाऊ न देता बोलणं), आकाशभाषित हे बोलण्याचे प्रकारही तिथलेच. रंगमंचावर नसलेल्या पात्राशी बोलायचं आणि त्याची उत्तरं आपणच "काय म्हणतोस?" करून वदवायची, ते आकाशभाषित. संस्कृतातला 'भाण' हा रूपकप्रकार तर अख्खा एका नटाचा आणि आकाशभाषितावर चालणारा. म्हणजे आपली एकपात्री काही काल-परवाची नाही.

शेवटची_रांग
भरतमुनींच्या काळी कूलर नव्हते. आमच्याकडे मेमध्ये सभागृहाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कूलर घरघरत असतात आणि त्यात मंद्र म्हणजे गायबच.

विंगेतला
कूलरच्या घरघरीवर मोठ्याने बोलणं हा उपाय नाही. ती घरघर खालच्या पट्टीतली असते, तुमचे स्वर त्यात बुडतात. व्यंजनं टोकदार केली की ऐकू येतं. क, ट, त, प, स यांवर किंचित जास्त दाब आणि वेग दहा टक्के कमी. स्पर्धेआधी कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून कूलर चालू ठेवून एक तालीम घ्या. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या उघड्या जागेत आवाजाला परत फेकणारी भिंतच नाही. तिथे बंद सभागृहातले लांब विराम टिकत नाहीत, थोडे आखडते घ्या. वारा कुठून येतो तेही पाहून ठेवा.
माइक पुढच्या काठावर उभे असतील तर त्यांच्या अगदी जवळ जाऊन ओरडू नका, दोन पावलं मागे राहा. कॉलर माइक असेल तर शालीला घासतो. शाल पांघरायची असेल तर माइक दुसऱ्या खांद्याकडे लावून घ्या.
प्रकाशाचं एक. पूर्वी दिव्याची धग कपाळाला लागायची, त्यावरून आपण उजेडात आहोत हे नटाला कळायचं. एलईडीची तशी धग लागत नाही. म्हणून जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून घ्या, नाहीतर सगळं स्वगत अंधारात.

केळीचं_पान
मुलींसाठी काय घ्यावं ते कुणी बोललंच नाही. 'एकच प्याला'तली सुधाकरची बायको सिंधू सोडून सांगा, सोसणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या.

पडद्यामागे
'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं बेणारेचं. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ चं. तिथे सगळं कोर्ट गोठून उभं राहतं आणि ती एकटी बोलते. अवघड अशासाठी की ते एका सुरात चढत जात नाही. थट्टा, शिकवणं, राग, कबुली असे सांधे पटापट बदलतात. प्रत्येक सांध्यावर वहीत आडवी रेघ मारा आणि त्या रेघेवर शरीरात काहीतरी एकच बदल करा. वजन दुसऱ्या पायावर, हाताची घडी सुटणं, एवढंच. वाक्यागणिक चालू नका. सात मिनिटांत तीन ते चार जागा बदलल्या तरी भरपूर.
ऐतिहासिक हवं असेल तर शिरवाडकरांचं 'वीज म्हणाली धरतीला', लक्ष्मीबाई. तिथे मात्र तलवार आणू नये. हात तिच्यात अडकतात.

सोनवर्खी
परवानगीचं विसरू नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं हक्क राहतो. देवल १९१६ ला गेले, गडकरी १९१९ ला, खाडिलकर १९४८ ला. हे तिघे मोकळे. शिरवाडकर, कानेटकर, तेंडुलकर यांच्यासाठी हक्कदारांचं पत्र लागतं, आणि बऱ्याच स्पर्धा ते अर्जासोबतच मागतात. अत्रे १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत त्यांचंही बंधन.

तापीकाठ
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. मग गडकरीच बरे! आणखी एक. आमच्या एकाला तालमीत खरंखुरं रडू येतं. सगळे थक्क होतात. ते ठेवावं का?

खर्ज
रडू आलं की नाक भरतं. नाक बंद झालं की 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' होतो, घसा आवळतो आणि वाक्याची शेपटी पुन्हा गेली. थक्क होणारे तालमीत समोर दोन हातांवर बसलेले असतात. त्याला सांगा, रडू येण्याच्या आधीच्या क्षणाशी थांब. अश्रू अडवायला धडपडणारा माणूस बघवत नाही, म्हणून लोक बघतात. आणि सुरुवात दहापैकी चारने कर. पहिल्याच मिनिटाला नऊवर गेलास तर पुढची सहा मिनिटं जायचं कुठे?

पाठशाळा
खर्ज, इथे मतभेद. सात्त्विक अभिनयात, म्हणजे मनातला भाव अंगावर आपोआप उमटतो त्यात, अश्रू धरलेले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच यांच्या पंगतीत. तुम्ही ते वगळाच म्हणता.

खर्ज
वगळा म्हणत नाही. शेवटच्या वाक्यानंतर येऊ द्या, तेव्हा बोलायचं काही उरलेलं नसतं. मधल्या अश्रूंनी संहिता ऐकू येत नाही एवढीच माझी तक्रार.

भरीतवाला
खाण्यापिण्याचं सांगा की कुणीतरी. स्पर्धेच्या दिवशी शेवभाजी चालते का?

विंगेतला
स्पर्धा झाल्यावर चालते. तिखट-तेलकटाने पित्त घशाशी येतं आणि आवाज जाड होतो. आधी दोन-तीन तास हलकं खा, वरण-भात किंवा खिचडी. मेमधल्या उन्हात सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा, अगदी ऐनवेळी तांब्याभर प्यायल्याने घसा ओला होत नाही, पोट मात्र जड होतं. फ्रीजचं नको. केळ्याने घसा चिकट होतो म्हणतात. आपल्या जिल्ह्यात हे बोलणं म्हणजे द्रोह, तेव्हा प्रत्येकाने आपापलं बघावं.

गिरणाथडी
खर्जावरून आठवलं, बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे धडे जळगावातच, मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. पुढे 'एकच प्याला'त ते सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. गद्य नटानेही सकाळी दहा मिनिटं खालच्या 'सा'वर आवाज लावावा. गाता येण्याशी त्याचा संबंध नाही, आवाज स्थिर होतो.

तापीकाठ
तर सुधाकर ठरला. आता शेवटचं. ते भाषण लांब आहे, सात मिनिटांत कसं बसवायचं? शब्द किती धरू?

पडद्यामागे
रंगमंचावर मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा. सात मिनिटांना सातशे होतात, पण तुम्ही साडेपाचशेच्या वर जाऊ नका. विराम, येणं, बसणं यांना वेळ लागतो, आणि स्पर्धेत घाबरून वेग वाढला तरी बिघडत नाही.
काटताना तिन्ही अवस्था ठेवा, प्रत्येकीतले दाखले कमी करा. एका मुद्द्याला तीन उपमा असतील तर शेवटची ठेवा, गडकरी सहसा चढत जातात. वाक्याच्या पोटातले शब्द मात्र काढू नका, लय मोडते. काढायचं तर अख्खं वाक्य काढा. नवीन जोडवाक्य स्वतः लिहू नका, ते लगेच वेगळं पडतं.

विंगेतला
आणि काटून झालेली प्रत पाठांतराच्या आधीच पक्की करा. पाठ झाल्यावर काटलेलं वाक्य स्टेजवर हमखास परत येतं. पाठांतर शेवटच्या परिच्छेदापासून मागे करत या, म्हणजे जसं पुढे जाल तसा भाग अधिक ओळखीचा होत जातो. पहिले काही दिवस कोऱ्या आवाजात, भाव न घालता, हाताने काहीतरी काम चालू ठेवून. भाजी चिरा, अंगण झाडा. काम न थांबता बोलता आलं की पाठ झालं.

शेवटची_रांग
सूचनेची घंटा कितव्या मिनिटाला वाजते ते संयोजकांना आधी विचारून घ्या आणि तालमीत त्याच मिनिटाला ताटली वाजवा. घंटा झाली की नवखा नट हटकून दचकतो आणि दुसऱ्या अवस्थेतून थेट समारोपावर उडी मारतो.